कान्ह्यातील शेवटची सकाळ

विद्यार्थी मित्रहो, अरण्यात वन्य प्राणी पाहावयास जाणे म्हणजे वाघ पाहावयास जाणे, अशी पुष्कळांची समजूत असते. गेल्या डिसेंबरात कान्ह्यास जाईपर्यंत माझीही तीच होती. तेथील शेवटच्या सकाळी ती कशी पालटली, ते या लेखात सांगावयाचे आहे.

कान्हा हे राष्ट्रीय उद्यान मध्य प्रदेशातील मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत, मैकल पर्वताच्या परिसरात आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. आपल्या इंदूरहून रात्रीच्या रेल्वेने जबलपूर गाठावे आणि पुढे मोटारीने जावे. मी एकटाच गेलो होतो. अर्थात एकटा म्हणजे सोबत्यांवाचून. कारण गाडीचा चालक व वाटाड्या यांच्याशिवाय उद्यानात प्रवेश नाही, आणि आत वाटेल तेथे गाडीखाली उतरण्याचीही परवानगी नाही.

तीन दिवस झाले, वाघ काही दिसला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी परतावयाचे होते. पहाटे उघड्या जीपमध्ये घोंगडी गुंडाळून बसलो, तेव्हा गवतावर दव गोठून पांढरे झाले होते. दोन्ही बाजूंस उंच, सरळ सालवृक्ष धुक्यात उभे होते. मी उतावीळपणे इकडेतिकडे पाहत होतो. गोंड समाजातील तो प्रौढ वाटाड्या हळूच म्हणाला, "मास्टरजी, आधी कान द्या. डोळ्यांचे काम नंतर."

गाडी थांबली. थोड्या वेळाने दूरवर चितळाची तीक्ष्ण हाक आली. पाठोपाठ झाडावरून वानराचा खोकल्यासारखा आवाज आला. वाटाड्याने समजावून सांगितले की, या दोघांची मैत्री आहे. वानर झाडावरून पाने व फळे खाली टाकतो, ती चितळ खातात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, तर चितळाला खालून वास लवकर येतो. एकाने इशारा दिला की दुसरा सावध होतो. परंतु चितळ पुष्कळदा उगाचही घाबरते. सांबराचे तसे नाही. त्याची खोल, तुटक हाक आली की शिकारी प्राणी जवळ आहे असे बहुधा समजावे. आम्ही श्वास रोखून बसलो, आणि तीही हाक आली! एकदा, दोनदा, तीनदा. मग हळूहळू सारे शांत झाले. पुढे गेलो तो रस्त्याच्या धुळीत वाघाच्या पावलांचे ताजे ठसे उमटले होते. वाघ आमच्या समोरून गेला होता. केवळ आम्हांला दिसला नव्हता.

मी हिरमुसलो. वाटाड्या मात्र म्हणाला, "आता सौंफच्या मैदानावर चला."

ते विस्तीर्ण कुरण उन्हाने नुकतेच उजळू लागले होते. त्यात बारशिंग्यांचा कळप चरत होता. हा त्यांच्या मीलनाचा काळ. एका नराने आपल्या शिंगांत ओले गवत गुंतवून घेतले होते आणि मान उंचावून तो ओरडत होता. बारशिंगा उत्तर प्रदेशात व आसामातही आढळतो. पण तेथील प्राणी दलदलीत राहणारे, म्हणून त्यांचे खूर पसरट असतात. कान्ह्यातील बारशिंगा कठीण भूमीवर वावरणारा असून त्याचे खूर घट्ट व आटोपशीर असतात.

या प्राण्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९३८ च्या सुमारास कान्ह्यात सुमारे ३,००० बारशिंगे असल्याचा अंदाज होता. १९७० साली केवळ ६६ उरले. शिकार हे एक कारण होतेच. परंतु गवत हे त्याहून मोठे कारण होते. बारशिंगा जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो आणि त्याची पाडसे उंच गवतात लपून वाढतात. गुरांच्या चराईने व वणव्यांनी ते गवतच नाहीसे होत होते. पुढे उद्यानातील गावे बाहेर वसविण्यात आली, चराई थांबली, कुरणे पुन्हा वाढली, तळी बांधली गेली, आणि काही बारशिंगे कुंपणाच्या आत हिंस्र प्राण्यांपासून सुरक्षित ठेवून त्यांची वीण वाढविण्यात आली. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. २०१५ पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्रप्रकल्पातही नेण्यात आले. हा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे.

मी म्हणालो, "केवढे हे यश!" वाटाड्याने कुरणाच्या कडेच्या एका जुन्या आम्रवृक्षाकडे बोट दाखविले. "हे मैदान म्हणजे पूर्वीचे सौंफ गाव. त्या आंब्यापाशी आमच्या आजोबांचे घर होते. ते म्हणत, हरणांना राहावयास जागा मिळाली हे चांगलेच झाले. पण आम्हांला विहीर मात्र पुन्हा पहिल्यापासून खणावी लागली."

त्यावर मला काहीच बोलता आले नाही. ज्या गवताकडे मी इतका वेळ कौतुकाने पाहत होतो, त्याखाली कोणाची तरी चूल होती, अंगण होते. वाटाड्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण विसरही नव्हता. समोर तो नर अजून ओरडतच होता.

दुपारी प्रवेशद्वाराशी एका प्रवाशाने मला विचारले, "वाघ दिसला का?" मी "नाही" म्हणालो. तो हळहळला. मला मात्र त्या क्षणी वाघाची आठवणही नव्हती.

मित्रहो, तुम्ही कधी कान्ह्यास गेलात तर वाघ अवश्य शोधा. परंतु सौंफच्या कुरणावर गाडी घटकाभर थांबवा, आणि बारशिंगा पाहून झाला की कडेचा तो आंबाही पाहा. एक प्राणी वाचला, याचा आनंद जरूर मानावा. तो वाचावा म्हणून ज्यांनी आपली घरे सोडली, त्यांचीही आठवण ठेवावी. दोन्ही मिळूनच कान्ह्याचा धडा पुरा होतो.