काउबॉय, विरह आणि दारूची गाणी : हे दुःख नेमकं कोण गातंय?



अमेरिकेत 'कंट्री' नावाचा गाण्यांचा एक प्रकार आहे. त्यातली जुनी गाणी ऐकलीत तर तीन विषय पुन्हा पुन्हा भेटतात : एकटा गुराखी म्हणजे काउबॉय, मोडलेलं प्रेम आणि दारू. आपल्या मराठी गाण्यांतही हे विषय आहेत. फक्त ते वेगवेगळ्या लोकांच्या तोंडी आहेत. म्हणून आज एकच प्रश्न हाताशी धरून ही गाणी समजून घेऊया : हे दुःख कोण गातंय?

१) तिकडचा गुराखी

१८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं. त्यानंतर साधारण वीस वर्षं टेक्ससमधून गुरांचे मोठमोठे कळप कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत पायी हाकत नेत. प्रवास काही महिन्यांचा. रात्री गुरं बिथरू नयेत म्हणून पहाऱ्यावरचा गुराखी घोड्यावरून फेऱ्या मारत हळू आवाजात गायचा. म्हणजे गाणं ही नुसती करमणूक नव्हती, तो कामाचाच भाग होता. १९१० मध्ये जॉन लोमॅक्स यांनी अशा गाण्यांचा संग्रह छापला.

पुढे रेकॉर्ड आणि रेडिओ आले. गुराख्याच्या एकटेपणाला मोडलेला संसार आणि दारूची जोड मिळाली. हँक विल्यम्स हा या गाण्यांतला फार मोठा गायक. १ जानेवारी १९५३ रोजी तो गेला, वय अवघं २९. दारूने त्याची तब्येत पोखरली होती. या गाण्यांत बहुतेक वेळा पिणाराच गातो. त्याची बायको काय म्हणते, हे फारसं ऐकू येत नाही.

२) आपला मेंढपाळ

बारामती, इंदापूर, पुरंदर, फलटण, माण हा कमी पावसाचा पट्टा. इथले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर मेंढ्या आणि सामान लादलेली घोडी घेऊन निघतात. बरेच जण घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परततात. वाटेत खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात. घोडा आहे, जनावरं आहेत, महिनोन् महिने घराबाहेर राहणं आहे. काउबॉयचंच सगळं सामान!

पण फरक बघा. इथे पुरुष एकटा नसतो. बायका, पोरं, कोंबड्या, कुत्री असा अख्खा वाडा बरोबर चालतो. त्यामुळे धनगरी ओवीत 'मी किती एकटा' असं रडगाणं सहसा नसतं. तिच्यात बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा असतात. थोडं गायचं, मग तेच बोलून सांगायचं, अशी रात्रभर ओवी चालते. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकांनी आपल्या भागात हिंडून या ओव्या जमवल्या आणि त्यांच्यावर पुस्तकं लिहिली.

३) विरह

विरहासाठी लावणीकडे जावं लागतं. होनाजी बाळा ही जोडी पुण्याचीच. त्यातले होनाजी हे गवळ्याच्या घरातले, म्हणजे गुराढोरांशी नातं इथेही आहेच. पेशवाईत फौजा उत्तरेच्या मोहिमेवर गेल्या की परत यायला वर्ष-वर्ष लागे. घरी वाट पाहणाऱ्या स्त्रीचं मन त्या काळच्या कितीतरी लावण्यांत आलं आहे. मात्र इथेही प्रश्न विचारा : गातंय कोण? आवाज स्त्रीचा, पण शब्द शाहिराचे, म्हणजे पुरुषाचे.

४) दारू

दारूवरची आपली सर्वांत गाजलेली कलाकृती म्हणजे राम गणेश गडकरी यांचं 'एकच प्याला'. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं. सुधाकर पितो, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती सिंधू, बालगंधर्वांनी गाऊन उभी केलेली.

आणि नाटकाच्या कितीतरी आधीपासून पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेली बाई गातच होती. सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल आणि नवऱ्याचं व्यसनसुद्धा. दिवसभर जे बोलायची सोय नाही ते जात्याला सांगायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. मुळशी, मावळचे डोंगरी भाग त्यात आहेत. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, अनेक ओव्या ऐकताही येतात. इथे पिणारा गात नाही. ज्याला ते सोसावं लागतं तो गातो.

५) वर्गात हे का घ्यायचं?

दारूचा विषय प्राथमिकच्या मुलांना कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या वर्गात बसणाऱ्या काही लेकरांच्या घरी हा विषय रोज संध्याकाळी दारात उभा असतो. 'व्यसन वाईट' हा निबंध ती पाठ करतात, पण स्वतःचं काही बोलत नाहीत. दुःख गाऊन सांगितलं तरी चालतं, त्यात लाज नसते, हे त्यांना ओवीतून कळतं.

उपक्रम (इ. ४ थी, ५ वी) :
• आजी किंवा शेजारच्या आजींना एक ओवी विचारून वहीत लिहून आणा. पुण्यात सोलापूर, बीड, लातूरकडची कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे बोलीही ऐकायला मिळतील.
• प्रत्येक ओवीखाली लिहा : कोण गातंय? कोणाला सांगतंय? काम काय चाललंय?
• आवडत्या विषयावर दोन ओळींची स्वतःची ओवी रचा.

एक काळजी घ्या. एखाद्या मुलाने घरातलं काही लिहिलं तर ते वर्गासमोर वाचून घेऊ नका. वही बाजूला ठेवा, त्याच्याशी एकटं बोला, आधी नुसतं ऐका. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर मुख्याध्यापकांना सांगा आणि चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करा.

थोडक्यात काय, गाण्याची चाल आवडली की आपण गाणाऱ्याच्या बाजूने होतो. म्हणून मुलांना एवढी सवय लावूया : गाणं ऐकलं की, त्यात ज्याचा आवाज नाही त्याचीही चौकशी करायची.

तुमच्या वर्गात जमलेल्या ओव्या जरूर कळवा.