व्याधिक्षमत्व आणि पेशींतील संदेशशृंखला

सर्व शरीरे सारखी व्याधिक्षम नसतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८ व्या अध्यायात प्रतिपादिले आहे. आधुनिक शास्त्र रोगप्रतिकाराचे कार्य ज्या पेशींकडे देते, त्यांच्या उत्पत्तीतील एक दुवा येथे विचारात घेऊ. तो तान्ह्या बालकाच्या जिवाशी निगडित आहे.

अस्थिमज्जेतून निघालेल्या पूर्वपेशी थायमस ग्रंथीत ‘टी’ लिंफोसाइट बनतात. त्यासाठी त्यांना इंटरल्यूकिन-७ या रेणूचा संदेश मिळावा लागतो. हा रेणू पेशीपृष्ठावरील ग्राहकाशी संयोग पावताच ग्राहकाच्या आतील बाजूस जोडलेली जॅक-१ व जॅक-३ ही विकरे जागृत होतात. ती स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढवितात आणि ते प्रथिन केंद्रकात शिरून पेशीला जगविणारी जनुके कार्यान्वित करते. संदेश खंडित झाल्यास पूर्वपेशी नष्ट होतात. ‘बी’ पेशी संख्येने पुरेशा असल्या तरी ‘टी’ पेशींच्या साहाय्यावाचून उपयुक्त प्रतिद्रव्ये निर्माण होत नाहीत.

ग्राहकाच्या गॅमा साखळीतील जनुकदोष १९९३ मध्ये, तर जॅक-३ मधील १९९५ मध्ये उघडकीस आला. पहिला एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांत आढळतो. म्हणून बालकाचे मामा शैशवात दगावले होते काय, हे अवश्य विचारावे. दुसरा मातापिता दोघांकडून येतो. आपल्याकडे मामेबहिणीशी विवाह रूढ असल्याने तोही प्रश्न गैर नव्हे.

न हटणारा मुखपाक, दीर्घ अतिसार, वारंवार श्वसनरोग आणि खुंटलेले वजन ही लक्षणे पहिल्या काही महिन्यांत एकत्र दिसल्यास केवळ बालचातुर्भद्र वा बल्य रसायन देत राहणे घातक ठरते. जी पेशी जन्मासच आली नाही, तिचे बल कोणते रसायन वाढविणार? बी.सी.जी. ही जिवंत लस आपल्याकडे जन्मतःच दिली जाते. अशा बालकात तिचे जंतू सर्व शरीरात पसरू शकतात. लसीच्या जागेचा न भरणारा व्रण आणि काखेतील गाठ म्हणूनच पाहावी.

साध्या रक्ततपासणीतून पुष्कळ कळते. एकूण श्वेतपेशी ८००० व लिंफोसाइट २० टक्के असल्यास त्यांची संख्या १६०० येते. प्रौढात ती स्वाभाविक, परंतु चार महिन्यांच्या बालकात ३००० हून कमी संख्या संशयास्पद होय. संख्या बरी असूनही लक्षणे प्रबळ असल्यास संशय सोडू नये. कधी मातेच्या पेशी बालकाच्या रक्तात आढळतात.

मूळपेशी प्रत्यारोपण जंतुसंसर्गापूर्वी, पहिल्या साडेतीन महिन्यांत झाल्यास यश सर्वाधिक मिळते. मुखपाकाचे औषध तिसऱ्यांदा नेणाऱ्या पालकांना बालकाचे वय विचारणे औषधविक्रेत्यासही सहज शक्य आहे.