टेकडी इंग्लंडची, काठी आपल्या अंगणातली



'थंडीतला दिवस' काढा म्हटलं की बरीच मुलं बर्फाचा डोंगर काढतात. पण त्या डोंगरावर अंधार किती वाजता पडतो, असं विचारा. वर्ग गप्प होतो! म्हणून आज मुलांना नकाशावरूनच एका खऱ्या टेकडीवर नेऊया.

इंग्लंडच्या डर्बीशायर भागात पीक डिस्ट्रिक्ट आहे. १९५१ साली जाहीर झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या कॅसलटन गावाजवळ मॅम टॉर ही ५१७ मीटर उंचीची टेकडी आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ही त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान.

माथ्यावरून लूझ हिल या दुसऱ्या टेकडीपर्यंत लांबलचक धार जाते. धारेवर चालताना एका बाजूला होप खोरं दिसतं, तर दुसऱ्या बाजूला एडेल खोरं. खाली मेंढ्यांची कुरणं आणि चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेले बांध. हिवाळ्यात वारा पडलेल्या, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खोऱ्यात उतरते आणि तिथे धुकं साचतं. अशा सकाळी वर ऊन असतं आणि पायाखाली पांढरा समुद्र! जानेवारीत आपल्या घाटमाथ्यावरही असं दृश्य कधी कधी दिसतं.

पण या सौंदर्याला घड्याळ बांधलेलं आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. दिवस जेमतेम साडेसात तासांचा. आपल्याकडे तो सर्वांत लहान असतो, तेव्हाही सुमारे अकरा तासांचा असतो. कारण काय? पुणे साडेअठरा अक्षांशावर, तर कॅसलटन त्रेपन्नच्या पुढे.

हे नुसतं सांगू नका, मोजून दाखवा.

कृती : २२ डिसेंबरच्या सुमारास अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. दुपारी साडेबाराच्या आसपास सावली मोजा. पुण्यात ती सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. आता खडूने सव्वाचार मीटरची रेघ ओढा. त्याच दिवशी कॅसलटनला भर दुपारी त्याच काठीची सावली एवढी लांब! सूर्य तिथे डोक्यावर येतच नाही, क्षितिजापासून फक्त १३ अंश वर येतो.

गणित : आपण अकरा वाजता निघालो. अंधाराआधी, तीन वाजेपर्यंत खाली यायचं आहे. जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो. तर माघारी कधी फिरायचं?

उत्तर आहे एक वाजता. मग माथा दहा मिनिटांवर राहिला असेल तर? इथे मुलं भांडतील, भांडू द्या. पण शेवटी त्यांच्याच तोंडून यायला हवं की एक वाजले म्हणजे फिरायचं. अंधार, गारठा आणि वारा एकत्र आले की लहान टेकडीसुद्धा सोपी राहत नाही.

पालकहो, रविवारी मुलांना गडावर नेताना हाच हिशेब घरातून निघण्यापूर्वी त्यांनाच करायला सांगा. आपल्याकडे सूर्य उशिरा मावळतो एवढाच फरक, नियम तोच. माथा कुठे पळून जात नाही; पुढच्या वेळी जाता येतं.