परसबागेतली कीड आणि घरातले विष

गवारीवर मावा पडला, की शेतातले उरलेले औषध परसात फवारणारे पुष्कळजण आहेत. मागे अशीच एक गृहिणी दवाखान्यात आली. दरदरून घाम, लाळ, उलट्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. औषध पोटात गेलेच नव्हते. हातांच्या कातडीतून भिनले होते. वेळेवर अ‍ॅट्रोपिन मिळाले म्हणून ती वाचली.

घरच्या भाजीला निंबोळी अर्क पुरतो. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा. त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनेही फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारावे. कीड लगेच मरत नाही. तिचे खाणे आणि वाढ हळूहळू थांबते.

तंबाखूचे पाणी मात्र वापरू नये. निकोटीन हेही विषच आहे व तेही कातडीतून भिनते. निंबोळी अर्कसुद्धा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

विषबाधेची शंका आल्यास अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.