सुट्टी सिगारेट

सिगारेट सोडली त्या पहिल्या महिन्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. बडीशेप खा, लवंग धर, पाणी पी, प्राणायाम कर. डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम लिहून दिलं, बायकोने ॲशट्रे भंगारात घातला. पाच-सहा वर्षांनी मात्र कुणी विचारेनासं झालं. विचारणार तरी काय? सुटली ती सुटली. पहिल्या काही आठवड्यांत हार खाणारे पुष्कळ असतात, पण आपण झगडतोय हे त्यांना निदान ठाऊक असतं. वर्षं उलटलेल्या माणसाला ते आठवतही नाही, आणि म्हणून त्याचं परत सुरू होणं घरच्यांनाच काय, त्याला स्वतःलाही उशिरा कळतं.

मी भोसरीच्या एका कारखान्यात शॉप फ्लोअरवर नोकरी केली. टी-ब्रेकला गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग आणि सिगारेट, रात्रपाळीला जरा जास्तच. ग्राइंडिंगवरचा एक सहकारी आणि मी, दोघांनी एकाच सुमारास सोडली. निग्रह त्याचा माझ्यापेक्षा मोठा. गम नाही, गोळी नाही, नुसती बंद. आम्ही दोघंही पुढे टपरीवर जायचो, चहा प्यायचो, परत यायचो. कितीतरी वर्षं.

मग तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या मुलीची बैठक झाली. सुपारी फुटली, सगळं मनासारखं जमलं, आणि व्याह्यांकडच्या कुणीतरी आनंदाने पाकीट पुढे केलं. त्याने एक ओढली. चक्कर आल्यासारखं झालं, तोंड कडू पडलं, मजा काही आली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘‘बघ, काही होत नाही. आपण त्याच्या पलीकडे गेलोय.’’

घात झाला तो इथेच. पहिल्या सिगारेटीने काही होत नाही हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी तलफ येत नाही, खोकला येत नाही, बायकोलाही वास येत नाही. माणसाला वाटतं, आता लगाम आपल्या हातात आहे. पंधरा दिवसांनी त्याने आणखी एक घेतली, मग शनिवारी एक, मग जेवणानंतर एक. महिनोन्महिने त्याने पाकीट घेतलं नाही, आणि पाकीट घेत नाही म्हणजे मी ओढत नाही, असं त्याचं गणित होतं. पुढच्या आषाढापर्यंत पूर्वीचा कोटा भरला.

या गणिताला टपरीची फार मदत होते. महाराष्ट्रात सिगारेट-बिडीच्या सुट्ट्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. प्रत्यक्षात खांबाला दोरीने बांधलेला लायटर आणि पुढ्यात उघडं पाकीट कुठेही दिसेल. पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो, तो सुट्टी घेणाऱ्याच्या हातात येतच नाही. हातात येते ती नुसती कांडी. सोडून वर्षं झालेला माणूस परत वळतो तो बहुतेक या सुट्टीवाटे, हे माझं मत, आणि ते मी वर्षानुवर्षं टपरीवर उभं राहून बनवलेलं आहे.

शरीराचं म्हणाल, तर सोडल्यावरची चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं हे पहिल्या काही दिवसांत कळसाला जातं आणि साधारण महिन्याभरात ओसरतं. नंतर जे उरतं ते शिकलेलं असतं. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं. दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षं, चहा-सिगारेट, भांडण-सिगारेट, काम संपलं-सिगारेट अशी सांगड मेंदूने घातलेली असते, ती सहजासहजी पुसली जात नाही. अजूनही मला स्वप्नात सिगारेट ओढताना दिसतो मी, आणि जाग आल्यावर खरंच ओढली की काय म्हणून छातीत धस्स होतं. असं स्वप्न पडलं तर घाबरू नका. सोडलेल्या पुष्कळ जणांना पडतं.

वडील गेले तेव्हाचं सांगतो. चितेला अग्नी दिल्यावर कवटी फुटेपर्यंत थांबायचं असतं, आणि त्या वेळात माणसं कोपऱ्यात जाऊन ओढतातच. आतेभावाने न बोलता एक माझ्यापुढे धरली. मी घेतली. बोटांनी ती अंगठ्याच्या नखावर दोनदा आपटलीसुद्धा, जशी पूर्वी तंबाखू बसवायला आपटायचो तशी. पेटवली नाही, पण त्यात माझा पराक्रम काही नाही. काडेपेटी मागायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, एवढंच कारण. शर्टच्या खिशात काडेपेटी असती तर मी हा लेख लिहिला नसता.

म्हणून सांगतो, प्रसंग यायच्या आधी उत्तर तयार ठेवा. मुलीचं लग्न, मयत, निवृत्तीचा निरोपसमारंभ, शाळेचं गेट-टुगेदर. तलफ यायला दुःखच लागतं असं नाही. आनंद जास्त फसवतो, कारण आनंदात आपण सावध नसतो. आणि त्यात दारू असेल तर विचारूच नका. ज्या बैठकीत ग्लास आणि पाकीट एकाच टेबलावर असतं तिथून मी जेवणाचं निमित्त करून उठतो. मित्र हसतात. हसू देत. ‘‘नको, मी ओढत नाही’’ एवढंच म्हणायचं, पुढे कारण द्यायचं नाही. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि दोन पेग झालेल्या माणसाशी वादात कुणी जिंकत नाही. टपरीवाल्यालाही सांगून ठेवा. आमच्या भाऊंना मी सांगितलं होतं, मला सिगारेट दिलीत तर चहाची उधारी बुडवीन. त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही.

सिगारेटऐवजी तंबाखू मळायला लागलेले, मशेरी लावायला लागलेलेही मी पाहिले. निकोटिन तेच, फक्त धूर नाही. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदीच आहे, तरी कुणाचा तरी भाचा परदेशातून घेऊन येतोच. हात लावू नका.

एवढं करूनही एखादी ओढली गेली, तर? त्याच दिवशी घरात सांगा. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं. लपवलेली एक सिगारेट दुसरीला जागा करते. ‘आता मोडलंच आहे, तर ओढूया’ हा विचार सिगारेटीपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण एकीने इतकी वर्षं वाया जात नाहीत. सोडल्याला वर्ष झालं की सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहिलेल्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो. ते कमावलेलं आहे, एका चुकीने पुसलं जात नाही. रोजची सुरू झाली तर मात्र धोका परत चढतो. आणि घरच्यांनो, त्याने कबूल केलं तर ‘‘मला माहीतच होतं’’ म्हणू नका. पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

माझा तो सहकारी आता परत प्रयत्न करतोय, या वेळी डॉक्टरांच्या औषधासह. निग्रहावर सगळं सोडायचं नाही, एवढं तो शिकला. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. फोन फुकट लागतो आणि नंबर पाकिटावरच छापलेला असतो. सुट्टी घेणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून इथे दिला. आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, सोडून दहा वर्षं झाली असली तरी.