सातबारा बघितला, आता फेरफार काढा

अमरावती आणि अकोल्यातल्या तीन-चार कॉलेजांचे लिनक्स सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतोय. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूर मागे टाकून अकोला, संध्याकाळी परत. या फेऱ्यांत जे शिकलो ते असं.

१. माणसाला विचारण्याआधी लॉग वाचा.

जूनमधले ऐन प्रवेशाचे दिवस. अमरावतीच्या एका कॉलेजातून फोन आला की अर्जाचं पान उघडत नाही. मी पोचेपर्यंत दोष कोणाचा हे ठरूनही गेलं होतं. आदल्या संध्याकाळी लॅबमध्ये शेवटपर्यंत थांबलेला कंत्राटी पोरगा मान खाली घालून उभा होता. "मले काऊन बोलून राहिले सर? म्या तं हातही नाई लावला." मीही त्याच्यावर आवाज चढवला. मग सर्व्हरसमोर बसलो.

उबुंटूत पॅकेजं बसवणाऱ्या आप्टच्या प्रत्येक कामाची नोंद 'व्हार'मधल्या 'लॉग'मध्ये, 'आप्ट' नावाच्या फोल्डरात, 'हिस्टरी डॉट लॉग' या साध्या फाइलीत पडते. काम कधी सुरू झालं, कोणती कमांड होती, काय बसलं, काय निघालं, कुठलं पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलं, कधी संपलं. कोणी सुडो वापरून केलं असेल तर 'रिक्वेस्टेड बाय' या ओळीत त्याचं खातंही दिसतं. त्या दिवशीची शेवटची नोंद सकाळी ६ वाजून २० मिनिटांची होती. त्यात कोणाचंच नाव नव्हतं, आणि कमांडच्या जागी होतं 'अनअटेंडेड अपग्रेड'. उबुंटू सुरक्षेचे अपडेट सहसा सकाळी सहा ते सातच्या दरम्यान स्वतःच बसवतं. डेटाबेसचं पॅकेज बदललं, सेवा थांबली आणि पुन्हा उठली नाही. पोरगा तेव्हा परतवाड्यात घरी होता.

त्याची माफी मी सगळ्यांसमोर मागितली, कारण ओरडलोही सगळ्यांसमोर होतो.

२. आज काय आहे हा एक कागद, ते कसं झालं हा दुसरा.

जमिनीचा व्यवहार करताना आपल्याकडे कोणी नुसत्या सातबाऱ्यावर विसंबत नाही, फेरफार काढतो. बसवलेल्या पॅकेजांची यादी हा सातबारा. लॉग म्हणजे फेरफाराची वही. हे मला नीट पटलं ते २०२४ मध्ये. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनी जाहीर केलं की एक्सझेड या फाइल दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा ठेवलाय. एसएसएचनं लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांनी तो हुडकला. आमचे मुख्य सर्व्हर जुन्या आवृत्तीवर होते. पण अकोल्याच्या एका लॅबमध्ये प्रयोगासाठी डेबियनच्या टेस्टिंग शाखेचं एक मशीन होतं. मी बघितलं तोवर डेबियननं जुनी आवृत्ती परत पाठवली होती, त्यामुळे यादी स्वच्छ दिसत होती. आप्ट ज्याच्याकडून काम करून घेतं त्या डीपीकेजीच्या लॉगमध्ये मात्र चोरदरवाज्याची आवृत्ती मार्चच्या तारखेसह उभी होती. मशीन पुसून नव्यानं बसवलं, पासवर्ड आणि किल्ल्या बदलल्या. नुसती यादी बघून उठलो असतो तर ते तसंच चालू राहिलं असतं.

३. वीज कुठे गेली तेही लॉग सांगतो.

अकोल्याचा मे. पारा ४५च्या वर गेला की यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर मरतात. अपडेट चालू असताना लाइट गेली तर पॅकेज अर्धवट राहतं. डीपीकेजीचा लॉग प्रत्येक पायरी वेगळी लिहितो, त्यामुळे 'हाफ कॉन्फिगर्ड' ही ज्या पॅकेजची शेवटची ओळ असते तिथेच गाडी अडलेली असते. मग 'डीपीकेजी कॉन्फिगर'ला 'ए' हा पर्याय लावून पुढे जायचं. मी पूर्वी सगळं काढून पुन्हा बसवायचो, त्यात दिवस जायचा.

४. घड्याळ आधी बघा. क्लाउडवरची मशीन बहुधा यूटीसीवर असतात. लॉगमध्ये रात्रीचे साडेबारा दिसले तर आपल्याकडे सकाळचे सहा झालेले असतात. या साडेपाच तासांत माझी एक आख्खी चौकशी वाया गेलीय.

५. वही वर्षभरच टिकते.

डेबियन आणि उबुंटूत हे लॉग महिन्याला फिरतात आणि बाराच राहतात. जुने दाबून ठेवलेले असतात, ते झेडग्रेपनं शोधावे लागतात. तेरावा महिना संपला की सगळ्यात जुना जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, पण माझ्या मते तेवढ्यावर थांबू नये. डिस्क गेली तर लॉगही गेला. म्हणून अकोल्याचे लॉग अमरावतीत आणि अमरावतीचे अकोल्यात, दर रविवारी रात्री.

६. पिप, स्नॅप किंवा हातानं बांधलेलं सॉफ्टवेअर आप्टच्या नोंदीत सापडत नाही. फेडोरा आणि रेड हॅटच्या घरात आप्टच नसतं, तिथे 'डीएनएफ हिस्टरी' विचारा.

७. का केलं, हे लॉगमध्ये नसतं.

काय, कधी आणि बहुतेकदा कोणी, इतकंच तिथे मिळतं. म्हणून प्रत्येक लॅबमध्ये दोनशे पानी वही ठेवलीय, दोरीनं टेबलाला बांधून. परवा अकोल्याची चाळली. लॉगमध्ये एका दुपारी आर भाषेची चाळीसेक पॅकेजं एकदम आलेली दिसत होती. वहीत त्याच तारखेला निळ्या शाईत होतं: "मॅडमचे कपाशीचे आकडे. सोमवारी सादर करायचेत. नंतर काढू नये."