बोट किनाऱ्यावर काढताय? आधी बिल वाचायला शिका

सिएटलकडे राहणाऱ्या आणि हौसेने जुनी बोट घेणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो बोटयार्डचे बिल हाती आल्यावर. बोट उचलण्याचे पैसे समजतात, पण ‘पर्यावरण शुल्क’ कशाचे, हे कळत नाही.

नियम काय सांगतो

बोटीच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल धरू नयेत म्हणून लावलेल्या रंगात बहुधा तांबे असते. तळ धुताना ते सुटते. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबेही सॅमन माशाच्या पिलांची वास घेण्याची शक्ती मंदावते, आणि शत्रूची चाहूल त्यांना वासानेच लागते. त्यामुळे वॉशिंग्टन राज्याच्या पर्यावरण खात्याच्या परवान्यानुसार यार्डला धुण्याचे पाणी खाडीत सोडता येत नाही. ते गोळा करून त्यावर प्रक्रिया करावी लागते, आणि हा खर्च ‘पर्यावरण शुल्क’ म्हणून तुमच्या बिलात येतो. तुम्ही स्वतः रंग घासणार असाल, तर धूळ ओढून घेणारा सँडर आणि खाली ताडपत्री हवीच. तुमच्या चुकीचा जाब यार्डला द्यावा लागतो, म्हणून तिथली माणसे कडक असतात.

३० फुटी बोटीचा अंदाज

रंगकाम स्वतः करणार, असे धरून केलेला हा ढोबळ हिशेब. दर यार्डनुसार बदलतात.

- उचलणे, धुणे, ठोकळ्यांवर ठेवणे, परत पाण्यात सोडणे: फुटामागे २० डॉलर, म्हणजे ६००
- तळाचा रंग, २ गॅलन: ५००
- सँडरचे ३ दिवसांचे भाडे: २१०
- ताडपत्री, रोलर, मास्क: १५०
- गंजरोधक जस्ताचे तुकडे: ८०
- पर्यावरण शुल्क: ५०

बेरीज १,५९० डॉलर. सिएटलमध्ये विक्रीकर १० टक्क्यांहून अधिक आहे आणि तो दुरुस्तीच्या मजुरीवरही लागतो. म्हणून सुमारे १,७६० डॉलर हाताशी ठेवा. यात पर्यावरण शुल्क सर्वांत लहान आहे. खिसा खरा कापतात ते वाढलेले दिवस. ठरलेली मुदत संपली की जागेचे भाडे सुरू होते. फुटामागे रोज २ डॉलर धरले, तरी एका पावसाळी आठवड्याचे ४२० होतात.

बचत कुठे करावी

हवामानाचा अंदाज पाहून तारीख घ्या. एप्रिल-मेमध्ये यार्डांत गर्दी असते. रंग, रोलर, जस्त आधीच आणून ठेवा. बोट खाऱ्या पाण्यात असेल तर उचलण्याआधी बॅलार्डच्या जलपाशातून (लॉक्स) लेक युनियनमध्ये नेऊन काही दिवस ठेवता आली तर पाहा. गोड्या पाण्यात बार्नेकल मरतात. कवचे मात्र खरवडावीच लागतात. जलपाशातून जायला शुल्क नाही.

बचत कुठे करू नये

झिजत जाणारा मऊ रंग असलेला तळ पाणबुड्याकडून पाण्यातच घासून घेणे या राज्यात चालत नाही. ट्रेलरवरची बोट घरासमोर धुऊ नका, कारण रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातले पाणी बहुतेक ठिकाणी प्रक्रियेविनाच तळ्यात किंवा खाडीत जाते. उरलेला रंग आणि थिनर कचऱ्यात टाकू नका, घरगुती घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.

तांबे नसलेले रंगही मिळतात. पण जुन्या थरावर नवा रंग बसेल का, हे विक्रेत्याला आधी विचारा. सगळा थर उतरवावा लागला तर खर्च दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो.

तारीख घेण्याआधी विचारा

१. स्वतः काम करू देता का?
२. दरात किती दिवस धरले आहेत?
३. पर्यावरण शुल्क ठरावीक आहे की टक्क्यांत?
४. सँडर तुमचाच भाड्याने घ्यावा लागेल का?

उत्तरे लेखी घ्या. पर्यावरण शुल्क टक्क्यांत असेल, तर ते मजुरीवरही लागते का, हे तिथेच स्पष्ट करून घ्या.